दोनदा मुक्त केलेला देश

*इराकमध्ये परकी फौज शिरली आणि तिने लोकशाही आणण्याचे वचन दिले, हे एका शतकात दोनदा घडले. पहिल्या वेळी त्या फौजेत आपलीच माणसे होती. दोन्ही प्रयोगांचे पुढे काय झाले, याचा हा आढावा.*

१९३२ सालापर्यंत बगदादच्या बाजारात आपला रुपया चालत होता. त्या वर्षी इराकचा स्वतःचा दिनार निघाला आणि रुपया मायदेशी परतला. तो तेथे रुळला होता फौजेच्या पाठोपाठ, आणि ती फौज मुंबईच्या बंदरातून निघालेली होती.

पहिले महायुद्ध सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरणार हे दिसू लागताच ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून जहाजे सुटली आणि ६ नोव्हेंबरला इराणच्या आखाताच्या टोकाशी, फाव येथे सैन्य उतरले. हे सैन्य होते सहाव्या पुणे डिव्हिजनचे. बसरा पडले, पुढे तैग्रिस नदीच्या काठाने ही डिव्हिजन बगदादच्या रोखाने सरकली, टेसिफोनपाशी तिला माघार घ्यावी लागली आणि कूत या गावात तुर्कांनी तिला कोंडले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा होता. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. अखेर जनरल टाउन्शेंडने शरणागती पत्करली. कैद झालेल्या शिपायांना वाळवंटातून अनातोलियापर्यंत पायी नेण्यात आले. त्यांतले कितीतरी वाटेतच संपले.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या सैनिकांची तेथे नावे आहेत. भारतीय शिपायांची मात्र बहुतांशी पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या कोरलेली आहे. सातारा-रत्नागिरीकडच्या किती घरांतली माणसे त्या आकड्यांत दडली असतील, कोण जाणे!

११ मार्च १९१७ रोजी जनरल मॉड बगदादमध्ये शिरला. आठवड्याभराने त्याच्या नावाने एक जाहीरनामा निघाला. आमच्या फौजा जिंकणारे म्हणून आलेल्या नाहीत, तुम्हाला मुक्त करायला आल्या आहेत, असा त्याचा आशय होता. नोव्हेंबरात मॉड बगदादमध्येच कॉलऱ्याने मरण पावला. जाहीरनामा मात्र उरला. त्यानंतर ८६ वर्षांनी, १६ मार्च २००३ रोजी अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितले की, इराकमध्ये आपले स्वागत मुक्तिदाते म्हणूनच होईल. चार दिवसांनी दुसरी फौज इराकमध्ये शिरली.

चहापान आणि सार्वमत

इराक नावाचे राज्य पूर्वी नव्हते. मोसुल, बगदाद आणि बसरा हे तुर्की साम्राज्याचे तीन प्रांत होते. उत्तरेला कुर्द, मध्यभागी सुन्नी अरब, दक्षिणेला शिया अरब, शिवाय ख्रिस्ती, ज्यू, तुर्कमान, यझिदी. हे सगळे एका छत्राखाली आणून ब्रिटनने राष्ट्रसंघाकडून त्याचा कारभार 'मँडेट' म्हणून मिळवला. १९२० च्या उन्हाळ्यात त्याविरुद्ध मोठा उठाव झाला. शिया आणि सुन्नी त्यात एकत्र आले होते. तो मोडून काढण्यासाठी पुन्हा हिंदुस्थानातून पलटणी मागवाव्या लागल्या आणि ब्रिटनचे सुमारे ४ कोटी पौंड खर्ची पडले. थेट राज्य करणे परवडत नाही हे ध्यानात आले, तेव्हा 'लोकांचे सरकार' उभे करायचे ठरले.

मार्च १९२१ मध्ये वसाहतमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी कैरोत परिषद घेतली. मक्केच्या शरीफांचे चिरंजीव फैजल यांना फ्रेंचांनी नुकतेच सीरियातून हाकलले होते. त्यांना इराकच्या गादीवर बसवायचे ठरले. पण लोकांनी निवडल्यासारखे तर दिसायला हवे! बसऱ्याचे सय्यद तालिब हे गादीचे एक इच्छुक होते. 'इराक इराकींसाठी' असे ते म्हणत. एप्रिल महिन्यात ब्रिटिश हाय कमिशनर सर पर्सी कॉक्स यांच्या घरी त्यांना चहाला बोलावण्यात आले. चहा घेऊन ते निघाले आणि वाटेत त्यांना अटक झाली. तेथून त्यांची रवानगी थेट सिलोनला! पुढे सार्वमत झाले आणि फैजल यांना ९६ टक्के कौल मिळाल्याचे जाहीर झाले. २३ ऑगस्ट १९२१ रोजी राज्यारोहण झाले, तेव्हा इराकला राष्ट्रगीत नव्हते. म्हणून बँडने ब्रिटिश राजाचे गीत वाजवले.

फैजल स्वतः समंजस आणि कर्तबगार राजे होते, हे नमूद केले पाहिजे. मृत्यूपूर्वी लिहिलेल्या एका गोपनीय टिपणात त्यांनी मोठ्या खेदाने म्हटले की, इराकमध्ये एक राष्ट्र म्हणावे असे लोक अजून घडलेलेच नाहीत. सरकार आधी आले होते, समाज जोडायचा राहिला होता.

दोन कायद्यांचा देश

१९२५ मध्ये राज्यघटना आली. दोन सभागृहांची संसद आली. निवडणुका होत, पण दोन टप्प्यांत. मतदारांनी आधी निवडक 'दुय्यम मतदार' निवडायचे आणि त्यांनी खासदार निवडायचे. इतक्या थोड्या माणसांना सांभाळणे सरकारला अवघड नव्हते. खेड्यापाड्यांत तर वेगळाच कायदा लागू होता. बलुचिस्तानात काम केलेले हेन्री डॉब्स हे मुलकी अधिकारी इराकमध्ये आले होते. सरहद्दीवरच्या टोळ्या त्यांच्या सरदारांमार्फत आवरण्याची तिकडची पद्धत त्यांनी १९१६ मध्ये येथे लागू केली. घटना आल्यावरही हा नियम तसाच राहिला. शहरातला माणूस कोर्टात जाई आणि गावातला शेखपुढे उभा राही. शेखांच्या नावे जमिनी झाल्या, तेच संसदेत बसू लागले आणि शेतकरी कर्जात रुतत गेला.

३ ऑक्टोबर १९३२ रोजी इराक राष्ट्रसंघाचा सभासद झाला, म्हणजे कागदोपत्री स्वतंत्र झाला. चारच वर्षांनी, १९३६ मध्ये, जनरल बकर सिद्की यांनी लष्करी उठाव केला. आधुनिक अरब जगातले ते पहिले लष्करी बंड. १९४१ मध्ये दुसरे बंड झाले, तेव्हा ब्रिटिशांनी पुन्हा फौज उतरवली आणि तीही भारतीयच होती. जून १९५४ च्या निवडणुकीत विरोधकांना हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या जागा मिळाल्या. पुन्हा पुन्हा पंतप्रधान होणाऱ्या नुरी अल-सईद यांना तेवढ्याही खपल्या नाहीत. संसद बरखास्त झाली, सप्टेंबरात पुन्हा निवडणूक झाली आणि बहुतेक उमेदवार बिनविरोध आले. चार वर्षांनी, १४ जुलै १९५८ च्या पहाटे, लष्कराच्या तुकड्या राजवाड्यात शिरल्या. तेवीस वर्षांचे राजे दुसरे फैजल कुटुंबासह मारले गेले. संसद गेली, त्याबद्दल बगदादमध्ये फारसे कोणी अश्रू ढाळले नाहीत.

येथे वाचकांच्या मनात एक प्रश्न येईल. इंग्रज आपल्याकडेही होतेच. कायदे, कचेऱ्या आणि निवडणुका आपल्याकडेही त्यांच्याच काळात सुरू झाल्या. मग आपल्याकडे १९५१-५२ ची सार्वत्रिक निवडणूक पार पडून लोकशाही रुजली आणि इराकमध्ये ती का वाळून गेली? याचे उत्तर इंग्रजांच्या औदार्यात सापडणार नाही. काँग्रेसची स्थापना १८८५ ची. नगरपालिका, वृत्तपत्रे, सभा, सत्याग्रह, तुरुंगवास, १९३७ ची प्रांतिक मंत्रिमंडळे अशी साठ वर्षांची तालीम आपल्याकडे झाली होती. हरायचे कसे आणि हरल्यावर पुन्हा गावोगाव हिंडायचे कसे, याची सवय पक्षांना लागली होती. शिवाय घटना आपल्याच माणसांनी, भांडत-तंडत, तीन वर्षे बसून लिहिली. इराकमध्ये संसद वरून आली आणि वरच राहिली.

दोन हुकूम

१९६८ मध्ये बाथ पक्ष सत्तेवर आला, १९७९ मध्ये सद्दाम हुसेन अध्यक्ष झाले. इराणशी आठ वर्षांचे युद्ध, कुर्दांवर विषारी वायूचा मारा, १९९० मध्ये कुवेतवर चढाई, पुढे तेरा वर्षांचे आर्थिक निर्बंध, एवढे सगळे सोसलेल्या देशात २० मार्च २००३ रोजी अमेरिका आणि ब्रिटनच्या फौजा शिरल्या. ९ एप्रिलला बगदाद पडले. ज्या महासंहारक शस्त्रांचे कारण दिले होते ती सापडली नाहीत. त्यानंतर लोकशाहीची स्थापना हेच युद्धाचे मुख्य कारण म्हणून सांगितले जाऊ लागले.

वॉशिंग्टनमध्ये तेव्हा जपान आणि जर्मनीचे दाखले दिले जात. १९४५ नंतर तेथे लोकशाही उभी राहिली, मग बगदादमध्ये का नाही? दाखला देणारे एक गोष्ट विसरत होते. जपानमध्ये १८९० पासून संसद होती, १९२५ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता. शिवाय जनरल मॅकार्थर यांनी जपानी सम्राट, मंत्रालये आणि कारकुनांची यंत्रणा जागेवर ठेवून तिच्यामार्फत कारभार चालवला. रेशन वाटणारा, पत्र पोचवणारा, शाळा उघडणारा माणूस कालचाच होता.

इराकमध्ये नेमके उलटे झाले. १२ मे २००३ रोजी पॉल ब्रेमर हे अमेरिकी प्रशासक बगदादमध्ये आले. चारच दिवसांत त्यांचा पहिला हुकूम सुटला. बाथ पक्षाच्या वरच्या पायऱ्यांवरच्या सर्वांना सरकारी नोकरीतून काढण्यात आले. सद्दामच्या राज्यात बढतीसाठी पक्षाचे सभासदत्व घ्यावेच लागे, त्यामुळे जुलमी अधिकाऱ्यांबरोबर हजारो शिक्षक, डॉक्टर आणि अभियंतेही घरी बसले. २३ मे रोजी दुसरा हुकूम निघाला आणि सबंध लष्कर बरखास्त झाले. सुमारे ४ लाख माणसे एका कागदाने बेकार झाली. त्यांना बंदूक चालवता येत होती आणि दारूगोळ्याची कोठारे उघडीच पडली होती. पुढच्या बंडाळीला माणसे कोठून मिळाली, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

अमेरिकेला या कामात भारतीय सैन्य हवे होते, ही गोष्टही नोंदण्याजोगी आहे. आपल्या लोकसभेने एप्रिल २००३ मध्येच या युद्धाचा निषेध करणारा ठराव केला होता. सुमारे १७ हजार सैनिकांची एक डिव्हिजन पाठवावी असा आग्रह होत असताना १४ जुलै रोजी वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याचे सांगून नकार दिला. १९१४ मध्ये पुण्याच्या डिव्हिजनला विचारणारे कोणी नव्हते. २००३ मध्ये निर्णय दिल्लीत झाला.

नजफच्या गल्लीतून

ब्रेमर यांची योजना अशी होती की, नेमलेल्या लोकांकडून आधी घटना लिहून घ्यावी आणि निवडणुका सावकाश घ्याव्यात. ही योजना उधळली ती बंदूकधाऱ्यांनी नव्हे. नजफ या तीर्थक्षेत्री एका साध्या घरात राहणारे वृद्ध धर्मगुरू आयातुल्ला अली सिस्तानी यांनी जून २००३ मध्ये फतवा काढला की, घटना लिहिणारे लोक इराकींनी मतदान करून निवडलेले असले पाहिजेत. सिस्तानी ब्रेमर यांना एकदाही भेटले नाहीत. जानेवारी २००४ मध्ये त्यांच्या मागणीसाठी बगदादमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. लोकशाही आणायला आलेल्यांपुढे निवडणुकीचा आग्रह एका धर्मगुरूने धरावा, हा इतिहासाचा मोठा विनोद म्हटला पाहिजे.

पण त्यामागे जुना अनुभव होता. १९२२-२३ मध्ये शिया धर्मगुरूंनी ब्रिटिशांच्या निवडणुकीवर बहिष्काराचा फतवा काढला होता. शेख महदी अल-खालिसी यांना त्यापायी हद्दपार व्हावे लागले आणि बहुसंख्य असूनही शिया समाज पुढची ऐंशी वर्षे सत्तेबाहेर राहिला. ती चूक पुन्हा करायची नाही, असे नजफने ठरवलेले दिसते. दुर्दैव असे की, या खेपेला तीच चूक सुन्नींनी केली.

जांभळे बोट

३० जानेवारी २००५ रोजी मतदान झाले. बाँबस्फोट होत असताना सुमारे ५८ टक्के मतदार बाहेर पडले. शाईने जांभळे झालेले बोट उंचावून हसणाऱ्या बायकांची छायाचित्रे जगभर छापली गेली. त्या बायकांचे धैर्य खरेच होते, त्याला कोणी कमी लेखू नये.

पण निवडणुकीची रचना पाहण्याजोगी होती. सारा देश एकच मतदारसंघ धरला होता. मत माणसाला द्यायचे नव्हते, यादीला द्यायचे होते, आणि कित्येक उमेदवारांची नावे सुरक्षेसाठी शेवटपर्यंत झाकलेली होती. आपला आमदार कोण, गटाराची तक्रार घेऊन कोणाच्या दारी जायचे, हे मतदाराला कळणार कसे? मग तो आपल्या पंथाकडे पाहून शिक्का मारतो. आधीच, जुलै २००३ मध्ये नेमलेल्या २५ जणांच्या शासक मंडळात १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, एक तुर्कमान आणि एक ख्रिस्ती अशी वाटणी झाली होती. या वाटपाला इराकमध्ये 'मुहासासा' म्हणतात. आज राष्ट्राध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया आणि सभापती सुन्नी हा प्रघातच पडला आहे. घटनेत तो कोठेही लिहिलेला नाही.

सुन्नींनी त्या निवडणुकीवर बहुतांशी बहिष्कार घातला आणि घटना लिहिताना त्यांचा आवाज क्षीण राहिला. १५ ऑक्टोबर २००५ च्या सार्वमतात घटनेला एकूण जवळजवळ ७८ टक्के मते पडली. परंतु तीन प्रांतांनी दोन-तृतीयांश बहुमताने नाकारली तर घटना पडेल, अशी अट होती. अनबार आणि सलाहुद्दीन या सुन्नी प्रांतांनी ती तशी नाकारली. निनेव्हेतही बहुमत विरोधात गेले, पण दोन-तृतीयांश भरले नाही. एका मोठ्या समाजाने झिडकारलेली घटना अशी थोडक्यात वाचली. फेब्रुवारी २००६ मध्ये सामऱ्याचा सोनेरी घुमट उडवण्यात आला आणि शेजारी शेजाऱ्याला मारू लागला. २००३ पासून हिंसाचारात बळी पडलेल्या नागरिकांचा केवळ नोंद झालेला आकडा १ लाख ८० हजारांच्या वर जातो. अमेरिकेचे सुमारे ४,५०० सैनिक तेथे मेले. २०१४ च्या जूनमध्ये मोसुल शहर इस्लामिक स्टेटच्या हाती पडले आणि परत मिळवायला २०१७ उजाडले.

रिक्षावाल्यांचा ऑक्टोबर

तरीही दुसरा प्रयोग पहिल्यासारखा मातीत मिळालेला नाही. २००५ पासून निवडणुका होत आल्या आहेत. पंतप्रधान बदलले आहेत आणि पायउतार झालेले जिवंत राहिले आहेत. इराकच्या इतिहासात ही लहान गोष्ट नाही. संसदेत स्त्रियांसाठी किमान एक-चतुर्थांश जागा आहेत. लष्करी बंड झालेले नाही. ९० टक्क्यांच्या आसपास सरकारी उत्पन्न तेलाचे आहे, त्यामुळे पक्षांमध्ये खरी चुरस असते ती खाती वाटून घेण्याची. जो जिंकतो त्याला आणि जो हरतो त्यालाही एखादे मंत्रालय मिळते. मग विरोधी बाकावर बसून जाब विचारायचा कोणी?

हा जाब ऑक्टोबर २०१९ मध्ये रस्त्यावर विचारला गेला. बगदादच्या तहरीर चौकात, नासिरियात, बसऱ्यात तरुण मुले उतरली. बहुतेक शिया, म्हणजे ज्यांच्या नावाने सरकार चालत होते त्याच समाजातली. सद्दामची राजवट त्यांना आठवतही नव्हती. त्यांना वीज, पाणी, नोकरी हवी होती आणि त्याहून अधिक एक देश हवा होता. पंथाच्या वाट्याला ती कंटाळली होती. जखमींना दवाखान्यात पोचवायचे काम तीनचाकी रिक्षावाल्या पोरांनी केले. बगदादमध्ये धावणाऱ्या त्या रिक्षांतल्या कित्येक बजाजच्या, आपल्याकडून गेलेल्या. आंदोलकांनी काढलेल्या वृत्तपत्राचे नावही 'टुकटुक' होते. गोळीबारात सुमारे ६०० जण मेले. पंतप्रधान आदिल अब्दुल महदी यांना राजीनामा द्यावा लागला, निवडणुकीचा कायदा बदलून लहान मतदारसंघ करण्यात आले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मुदतपूर्व निवडणूक झाली.

त्या निवडणुकीत मुक्तदा अल-सद्र यांचा गट ७३ जागा घेऊन पहिला आला. सरकार बनवता आले नाही म्हणून जून २०२२ मध्ये त्याच्या सर्व खासदारांनी राजीनामे दिले आणि अखेर सत्ता जुन्याच पक्षांच्या आघाडीकडे गेली. पुढे मतदारसंघांचा कायदाही पुन्हा मागे फिरवण्यात आला. मुलांनी रक्त सांडून मिळवलेली सुधारणा चार वर्षेही टिकली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ३२९ जागांसाठी पुन्हा मतदान झाले.

म्हणून निराश व्हावे का? इराकच्या शंभर वर्षांकडे पाहिले तर एक फरक जाणवतो. १९२१ मध्ये सार्वमत झाले तेव्हा लोक गप्प होते. १९५८ मध्ये संसद जाळ्यात सापडली तेव्हा ती वाचवायला कोणी आले नाही. २०१९ मध्ये तहरीर चौकातली मुले मात्र मताची किंमत मागत होती. आमचा आमदार आम्हाला निवडू द्या, त्याला जाब विचारू द्या, हे त्यांचे मागणे कोणत्याही जनरलच्या जाहीरनाम्यातून आलेले नव्हते. परकी फौज फार तर हुकूमशहाचा पुतळा पाडू शकते. त्या रिकाम्या चौथऱ्याच्या भोवती काय उभे राहायचे, ते इराकमध्ये त्याच चौकात राहणारी माणसे हळूहळू, हरत आणि पुन्हा उठत, ठरवू लागली आहेत.